आजोबा उभे राहतातच कुठे?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी 26 वर्षांची आहे. पुण्यातल्या एका स्टुडिओत परदेशी मालिकांच्या क्लीनअपचं, म्हणजे कच्च्या चित्रांच्या रेघा स्वच्छ करायचं काम करते आणि संध्याकाळी, रविवारी एका मित्राबरोबर स्वतःची सहा मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करते. गोष्ट तिच्या आजोबांवरून सुचलेली. ते कल्हईवाले होते, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणारे. सायकलला भाता नि पोतं बांधून सांगली जिल्ह्यातल्या गावांमधून फिरायचे. फिल्ममध्ये दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ते एका जुन्या वाड्याच्या चौकात भट्टी मांडतात, बरोबर आठ वर्षांची नात. पात्रं हिच्याकडे, वाडा मित्राकडे. आठ महिने झाले. आजोबांची 140 चित्रं काढून झाली, एकही पटत नाही. मित्राची 11 बॅकग्राउंड्स तयार आहेत आणि देखणी आहेत, पण आजोबांना त्यांत ठेवलं की ते ‘वरून चिकटवल्यासारखे’ दिसतात. तो म्हणतो कॅरेक्टर बदल, ही म्हणते बॅकग्राउंड बदल. बोलणं जवळपास थांबलंय. त्यात वडिलांनी चित्रं पाहिली आणि म्हणाले, “आमचे अण्णा असे दिसत नव्हते.” तिचे प्रश्न तीन. मला माझी स्टाइलच सापडलेली नाही का? फिल्म मराठी वाटावी म्हणून डिझाइनमध्ये आणखी काय घालू? आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ दिला तर हे सुटेल का?

तू ‘काका’ म्हणून हाक मारलीस, तेव्हा अहो-जाहो करत बसत नाही.

नोकरीचं आधी उरकतो. सोडू नकोस. नोकरी सांभाळून आठ महिन्यांत 140 चित्रं काढणाऱ्या मुलीला वेळ कमी पडला, हे मला पटत नाही. पगार थांबला तर 140 ची 400 होतील आणि अडचण जिथे आहे तिथेच राहील. वर दर महिन्याच्या पाच तारखेला घरमालक दारात.

आता चित्रं. तू पाठवलेल्या 38 चित्रांचे प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर पसरले. बायको म्हणाली, “एवढी सगळी एकाच म्हाताऱ्याची? कंटाळली नाही का पोर?” कंटाळलेली दिसत नाहीस. रेघ ताजी आहे, हात तयार आहे. पण पसारा आवरताना एक गोष्ट खटकली, म्हणून पुन्हा मोजून पाहिलं. 38 पैकी 33 चित्रांत अण्णा उभे आहेत. समोरून उभे, बाजूने उभे, पाठमोरे उभे. मग तुझा स्टोरीबोर्ड काढला आणि हातात घड्याळ धरून वाचला. सायकलवरून उतरून चौकात येतात तेव्हा आणि शेवटी निघतात तेव्हा, एवढंच काय ते उभे. ओढूनताणून चाळीस सेकंद. बाकी जेव्हा जेव्हा पडद्यावर आहेत, तेव्हा उकिडवे बसलेत.

म्हणजे आठ महिने तू अशा माणसाचं डिझाइन करते आहेस, जो तुझ्या फिल्ममध्ये फारसा येतच नाही.

यात तुझी एकटीची चूक नाही. आपल्याकडे शिकवतातच तसं. आधी टर्नअराउंड, म्हणजे पात्र चहूबाजूंनी, मग एक्स्प्रेशन शीट, म्हणजे चेहऱ्यावरचे भाव, मग पोझेस. मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुन्याच्या कागदावर, माणूस हात थोडे फाकवून उभा, जसा काही शिंपी माप घेतोय. ज्या मालिकेत पन्नास जण एकच पात्र काढणार आहेत तिथे ती शीट लागतेच, तुझ्या स्टुडिओत तू रोज पाहतेस. पण तुमच्या फिल्ममध्ये अण्णांना काढणारी तू एकटी. तुला आधी हवेत ते बसलेले अण्णा.

उकिडवा बसलेला माणूस म्हणजे वेगळाच प्राणी. गुडघे छातीपाशी येतात, पोट दिसेनासं होतं, मान पुढे येते. तू ज्या सदऱ्याच्या बटणांवर आणि खिशातल्या चष्म्याच्या डबीवर एवढी मेहनत घेतलीस, तो सदरा गुडघ्यांआड जातो. चेहरा दोन गुडघ्यांच्या चौकटीत येतो. एका हातात भात्याचा दांडा, दुसऱ्यात सांडशी. म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी नाहीच. भाता ओढणारा खांदा वर्षानुवर्षं खाली-वर होऊन किंचित पुढे आलेला असणार. (याचा एक तोटा आधीच सांगून ठेवतो. चित्र आरशासारखं उलटं करून दुसऱ्या बाजूचं काम वाचवायची युक्ती या पात्राला चालणार नाही. सांडशी हात बदलेल.) आकार बघायला गेलीस तर हा माणूस सगळा कोनाकोनांचा आहे. कोपर, गुडघे, सांडशी, सायकलची फ्रेम. आणि भोवती पसरलेलं सगळं गोल: हंडा, कळशी, तपेलं, परात, बंबाचं झाकण. गोल भांड्यांच्या गराड्यात एकच काटकुळा माणूस. डिझाइन इथे बसलंय, तू उभं राहून शोधत होतीस.

आणि हे तुला जमत नाही असंही नाही. त्याचा पुरावा तुझ्याच पाकिटात आहे. नात! नातीची फक्त नऊ चित्रं पाठवलीस, ‘तिचं अजून नीट काम झालेलं नाही’ अशी वर चिठ्ठी लावून. पोरी, ती झालीय. मोठ्या हंड्यात उतरून, हाताने खांब धरून, पायाखालच्या वाळूने आणि चिंधीने भांडं घासत कमरेतून गिरक्या घेणारी मुलगी. कल्हईवाल्याबरोबरची पोरं हे काम असंच करायची, आणि लांबून बघणाऱ्याला ती नाचतायत असं वाटायचं. नऊपैकी आठ चित्रांत ती हंड्यात आहे. परकराचा घेर म्हणजे पालथी घातलेली कळशीच. ती तुला पटकन सापडली, कारण ती काय करते हे तुला ठाऊक होतं. अण्णांना मात्र तू ‘दिसतात कसे’ एवढंच विचारत राहिलीस.

म्हणून स्टाइलच्या प्रश्नावर माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तू असं धरून चालली आहेस की स्टाइल नावाची वस्तू कुठेतरी आधी मिळते आणि मग तिच्यात पात्रं ओतायची. मला ती इतक्या वर्षांत तशी मिळालेली नाही. काय काढायचं, काय गाळायचं हे शंभर वेळा ठरवल्यावर मागे जे उरतं, त्याला लोक नंतर स्टाइल म्हणतात. फाळक्यांनी 1915 च्या सुमारास आगकाड्या हलवून एक छोटी फिल्म केली होती. आगकाडीला डोळे नाहीत, नाक नाही, टोपी नाही. तिचं सगळं डिझाइन ती वाकते कशी, वळते कशी, यात.

दुसरं एक कारण मला दिसतं, पण ते तू रागावशील म्हणून हळूच सांगतो. दिवसभर तू दुसऱ्याची रेघ स्वच्छ करतेस. सारख्या जाडीची, कुठेही न थरथरणारी. तो हात संध्याकाळी घरी येऊन एकदम आपला होत नाही. एक आठवडा टॅबलेट कपाटात ठेव आणि अण्णांना कोळशाने काढ. खऱ्या कोळशाने, भट्टीतला असतो तशा. कोळशाने खिशातली चष्म्याची डबी काढता येत नाही, हाच त्याचा मोठा फायदा. पाठीचा बाक, गुडघ्यांचे कोन आणि खाली झुकलेली मान, एवढंच येईल. जे येणार नाही ते बहुतेक नकोच होतं.

रेघांचा हिशेबही एकदा मांडू, कारण हे कॉलेजात कुणी सांगत नाही. फिल्म सहा मिनिटांची, सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. अण्णा पडद्यावर चार मिनिटं आहेत असं धर. 240 सेकंद गुणिले 12, म्हणजे 2,880 चित्रं. तुझ्या अठराव्या चित्रातल्या सदऱ्याला मी बारा पट्टे मोजले. ते पट्टे तुला 34,560 वेळा काढावे लागतील, आणि दर वेळी हाताबरोबर वळवावे लागतील. आता ठरव, पट्टे हवेत का. कटआउट पद्धतीने, म्हणजे सुटे अवयव जोडून फिल्म करणार असतीस तर गोष्ट उलटी झाली असती. तिथे पट्टे फुकट पडतात, पण बसलेला माणूस उठवताना नाकी नऊ येतात. दोघांनी हाताने काढायचं ठरवलंय, तेव्हा प्रत्येक रेघेला भाडं आहे.

मराठीपणाचं आता. पत्रात तू यादी दिली आहेस: गांधी टोपी, तुळशीवृंदावन, दारात रांगोळी, सगळ्या बायकांना नऊवारी, भिंतीवर वारली चित्रं. पहिल्या चार गोष्टी असतील तर असोत. पण वारली चित्रं डहाणू-पालघरकडच्या आदिवासी घरांतली. ती सांगली जिल्ह्यातल्या वाड्याच्या भिंतीवर काय करतायत? ती तिथे आली ती ‘महाराष्ट्र’ असा शिक्का मारायला. प्रेक्षक शिक्का बघतो आणि पुढे जातो.

त्यापेक्षा भांडी हातात घेऊन बघ. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत होती. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली, कुणाच्या लग्नात कुणाकडून, कधी साल, कधी तिथी. वाड्यातली बाई भांडं कल्हईला देताना बोट फिरवून नाव बघते, घेताना पुन्हा बघते, आणि तेवढ्यात आतून सासू विचारते, किती दिली गं? हे तीन सेकंदांत होतं आणि यात सगळा वाडा येतो. अण्णा कशासाठी आलेत हेही कुणी सांगायची गरज नाही. एका बाईने तपेल्यातलं ताक चाखून तोंड वाकडं करावं. कल्हई उडालेल्या भांड्यात ते कळकलंय. ज्याला ‘कळकणं’ माहीत आहे त्याला हसू येईल, ज्याला माहीत नाही त्यालाही कळेल की या भांड्याचं काहीतरी बिघडलंय.

एका रविवारी मित्राला घेऊन केळकर संग्रहालयात जा, पुण्यातच आहात. जुन्या घरातल्या वस्तू तिथे तासन् तास बघता येतील. आणि कसब्यातल्या तांबट आळीत जा. तिथे तांब्याच्या भांड्यांवर ठोके देऊन मठारकाम करणारी माणसं अजून आहेत. त्यांचे फोटो काढत सुटू नका. विचारा, बसा, आणि स्केचबुकात फक्त ते बसतात कसे हे काढा. कुठला पाय पुढे, भांडं कशावर टेकवलंय, ठोका मारताना हालतो खांदा की मनगट. चहा त्यांनी पाजला तर नाही म्हणू नका.

आता भांडणाकडे येतो. मित्राची 11 बॅकग्राउंड्स पाहिली. पोराचा रंग सुंदर आहे, मला हेवा वाटला. लाकडी खांब, दगडी तळखडे, वरच्या मजल्याचा कठडा, कोनाड्यातली पणती, सगळं निगुतीने केलंय. तरी अण्णा चिकटवल्यासारखे दिसतात हे तुझं निरीक्षण खरं आहे, आणि कॅरेक्टर किंवा बॅकग्राउंड ‘वाईट’ आहे म्हणून ते तसे दिसत नाहीत. मी एक पट्टी घेतली आणि वाड्याच्या चित्रातल्या मागे जाणाऱ्या रेषा लांबवल्या. त्या सगळ्या उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर जाऊन मिळतात, पाच फुटांच्या आसपास. म्हणजे मित्राने चौक बघितला तो दिंडी दरवाजात उभं राहून. तू अण्णांना बघितलंस त्यांच्यासमोर मांडी घालून. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर. एक चित्र वरून खाली बघतंय, दुसरं समोर बघतंय. दोघांची क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची रेषा, वेगळी, मग ती एकमेकांत मिसळणार कशी? तुम्ही दोघं बरोबर आहात आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहात.

आता क्षितिजरेषा कुणाची धरायची, हे गोष्टीला विचारा. माझं मत विचारशील तर अण्णांची. सबंध फिल्म जमिनीपासून अडीच फुटांवरून बघा आणि काय होतं ते पाहा. वाडा उंच होतो, जोत्याच्या पायऱ्या छातीवर येतात. वाड्यातल्या पाच बायकांच्या जागी दिसतात पाच लुगड्यांचे घोळ, पायांतली जोडवी, आणि वरून खाली येणारे भांडं धरलेले हात. चेहरे फ्रेमच्या वर गेले. म्हणजे पाच पात्रांची डिझाइन्स वाचली! आणि जमिनीवर बसून काम करणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आतलं जग कसं दिसत असेल, हे न बोलता आलं. त्यात एकदाच कुणीतरी बाई खाली बसली, अण्णांच्या पातळीवर आली, तर त्या शॉटचं वजन केवढं होईल बघ. कुणी बसायचं ते तुम्ही ठरवा.

मित्राची मेहनत फुकट जात नाही. लांबून चौक दाखवणारे दोन-तीन शॉट असतीलच, त्यांना ही चित्रं चालतील. बाकीच्यांसाठी नवी रंगवण्याआधी त्याला सांग, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नुसते ठोकळे मांडून चौक उभा कर. ब्लेंडर फुकट आहे आणि खांबाला खांबासारखं दिसायची गरज नाही, चौकोनी ओंडका पुरे. त्यात कॅमेरा अडीच फुटांवर ठेवायचा, एकेका शॉटचं चित्र घ्यायचं, तू त्यावर अण्णांना काढायचं, मग त्याने रंगवायचं. क्रम एवढाच बदलायचा. आत्तापर्यंत दोघं आपापल्या घरी बसून आपापलं पूर्ण करत होतात.

दुसरी भानगड पांढऱ्या रंगाची आहे. तुम्हाला एक जुनी फजिती सांगतो. सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर रंगवायचो त्या काळात मुंबईतल्या एका स्टुडिओत जाहिरातीची छोटी फिल्म होती. इराणी हॉटेल, लगबगीने फिरणारा वेटर. मी बॅकग्राउंड केलं होतं, आणि मला चौकटीचे टेबलक्लॉथ काढायची भारी हौस. पात्र करणाऱ्याला काय सुचलं, त्याने वेटरला चौकटीचा शर्ट दिला. दोघांनी आपापलं काम मन लावून केलं. रशेस, म्हणजे शूट केलेले कच्चे तुकडे, पडद्यावर लागले तेव्हा दिग्दर्शक अंधारात पाच-सहा सेकंद गप्प बसले आणि म्हणाले, “वेटर कुठाय?” दोन हात आणि एक डोकं टेबलांवरून तरंगत चाललं होतं. मुली सेलच्या पाठीमागून एकेक चौकट रंगवून रंगवून रडकुंडीला आल्या होत्या, त्यांच्याकडे त्या दिवशी बघवेना.

तुमच्या फिल्ममध्ये तसं पांढऱ्याचं झालंय. चुन्याची भिंत पांढरी, अण्णांचं धोतर पांढरं, सदरा पांढरा, रांगोळी पांढरी, कठड्यावरची कबुतरंही पांढरी. आता कल्हई आठव. काळवंडलेलं भांडं निखाऱ्यावर तापतं. नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर भसकन वर येतो आणि डोळ्यांत जातो. मग कथलाची कांडी भांड्यावर फिरते. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं, त्यामुळे ते पसरतं अगदी लोण्यासारखं. चिंधीचा एक फेरा, आणि भांड्याचं काळं पोट चंद्रासारखं होतं. मग पाण्यात, चर्रर्र. सहा मिनिटांत प्रेक्षकाने श्वास धरावा असा हा एकच क्षण आहे, आणि तोवर त्याने इतकं पांढरं बघितलंय की याची चमक त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

तेव्हा पांढरा रंग उपाशी ठेवा. भिंतीला गेरू द्या किंवा शेणामातीचा सारवलेला रंग द्या. अण्णांचं धोतर धुराने, राखेने मळकं होऊ दे. कल्हईवाल्याचं धोतर शुभ्र कुठून असणार? कबुतरांना सुट्टी. धुराआधी फिल्मभर खरं पांढरं कुठेच नको, आणि धूर विरला की भांड्यातलं चांदीचं वर्तुळ. आणखी एक. तुझ्या मित्राने भट्टीतून हातभर ज्वाळा काढल्या आहेत. त्या होळीला शोभतील. हे काम निखाऱ्यांवरचं आहे. भात्याचा वारा लागला की निखारा उजळतो, थांबला की मंदावतो, म्हणजे प्रकाश अण्णांच्या हाताच्या लयीत श्वास घेतो. हे तुम्हाला फुकट मिळालेलं अ‍ॅनिमेशन आहे, घालवू नका. फक्त निखाऱ्याची लाली उन्हात दिसत नाही, त्यामुळे भट्टी सावलीत हवी. दुपार कलल्यावर अर्ध्या चौकात ऊन असतं, अर्ध्यात नसतं. भट्टी सावलीच्या बाजूला, नातीचा हंडा उन्हाच्या बाजूला. जागा ठरली.

हे सगळं नीट बसतंय का, हे बघायला मोठं चित्र लागत नाही. एका कागदावर टपालाच्या तिकिटाएवढे 24 चौकोन आख, दर पंधरा सेकंदांना एक. आधी फक्त काळा, राखाडी, पांढरा. डोळे बारीक करून बघ. अण्णा कुठल्या चौकोनात हरवतायत? पांढरा किती लवकर संपतोय? मग दुसऱ्या कागदावर रंग. हा कागद झाला की कच्च्या चित्रांचंच अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे वेळेप्रमाणे ओळीने लावलेली कच्ची फिल्म, लाव, मोबाइलवर ठोक्यांचा, भात्याचा आवाज घालून. अण्णा त्यात चक्क काड्यांचे असले तरी चालतील. एकशे एक्केचाळिसावं चित्र काढायचंच असेल तर अ‍ॅनिमॅटिक पाहिल्यावर काढ, तोवर नको.

दुसऱ्या वाचकांनीही पत्रं पाठवली आहेत. एकाची फिल्म मालवणच्या मासळीवालीवर आहे, एकीची लोकलच्या फलाटावरच्या बूटपॉलिशवाल्यावर. त्यांना वेगळं उत्तर देत नाही. तुमचं पात्र सर्वांत जास्त वेळ काय करतं ते आधी काढा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा न्या. आणि फिल्ममधली सर्वांत उजळ गोष्ट कुठली, हे ठरवून बाकीच्यांना तिच्या वाटेतून बाजूला करा. मासळीवालीच्या बाबतीत ती बहुतेक पापलेटची पाठ असेल. बूटपॉलिशवाल्याचं मला सांगता येणार नाही, पण घासून झालेल्या बुटाच्या नाकावर ट्यूबलाइट चमकते, ती मी पाहिलेली आहे.

बॅकग्राउंडमध्ये किती तपशील हवा, याबद्दल तुमच्या दोघांत जे चाललंय त्यात मी पडत नाही. फक्त एक आठवण करून देतो. फिल्म्स डिव्हिजनची 1974 ची ‘एक अनेक और एकता’ तुम्ही लहानपणी पाहिली असेल. भीमसेन यांची, विजया मुळे यांच्या लेखणीतून आलेली. त्यातली दीदी आणि पोरं देशभरच्या लोकांना आठवतात. त्यांच्या मागे काय काय होतं, हे डोळे मिटून सांगायचा प्रयत्न दोघांनी करून बघा.

मित्राशी मेसेजवर वाद घालणं मात्र बंद कर. एक रविवार एकाच खोलीत, जमिनीवर बसा. खुर्ची नको. तू वाडा काढ, त्याला अण्णा काढू दे, दोन तास. तुझा वाडा वाकडा होईल, त्याच्या अण्णांना सहा बोटं येतील. पण तुझ्या वाकड्या वाड्यात अण्णा नीट बसतील, आणि त्याच्या अण्णांना त्याने कुठून बघितलं हे तुला दिसेल. मग क्षितिजरेषेचं मी सांगितलेलं त्याला सांग. माझं नाव सांग हवं तर, म्हणजे राग माझ्यावर निघेल.

राहिले वडील. “आमचे अण्णा असे दिसत नव्हते.” हे वाक्य तुला लागलंय, पत्रात दोन ठिकाणी आलंय. तू लिहिलंस की घरात अण्णांचा एकच फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला, छातीपर्यंतचा, समोर बघणारा. आता तुझी चित्रं पुन्हा बघ. 33 उभे अण्णा, आणि बहुतेकांची मान त्या फोटोतल्यासारखी ताठ. तू फोटोला पाय जोडत होतीस गं. वडिलांनी अण्णांना तसं बघितलंच नव्हतं. फोटोवाल्यासमोर अण्णा आयुष्यात एकदा बसले, घरी रोज बसायचे ते वेगळे.

म्हणून वडिलांना चित्र दाखवून ‘जमलंय का’ विचारू नकोस. ते आपले वडील शोधतील, तुला तुझं पात्र हवंय. त्यांना विचार, अण्णा घरी आल्यावर भाता कुठे टेकवायचे? जेवायला बसताना कुठला गुडघा वर असायचा? नवसागराचा धूर आला की तोंड कुठल्या बाजूला फिरवायचे? आणि बोटं. कथलाचं काम करणाऱ्याच्या बोटांना काय झालेलं असतं, ते त्यांना नक्की आठवत असेल. उत्तरं हातवारे करून देतील, तेव्हा त्यांना काढ. त्यांच्या अंगात अण्णा जितके उरलेत तितके फोटोत नाहीत.

तुझ्या एक्स्प्रेशन शीटवर बारा चेहरे आहेत: आनंद, राग, आश्चर्य, दुःख वगैरे. नाटकाच्या जाहिरातीसारखे. अण्णांना फिल्मभर लागणार आहेत तीनच. धुरात मिचकावलेले डोळे. भांड्याच्या पोटात बघताना आत घेतलेले ओठ. आणि गल्लीत शिरताना मारलेली हाक, “कल्हईऽऽये...” तिसऱ्यासाठी तुझ्या आत्याला फोन कर, पत्रात तिचा उल्लेख आहे, अण्णांबरोबर लहानपणी फिरायची म्हणून. तिला ती हाक मारून दाखवायला सांग, लाजेल, दोनदा सांग. रेकॉर्ड कर. आणि ‘ई’ कुठे लांबते, तोंड कधी उघडतं, मान कुठल्या बाजूला वळते, हे व्हिडिओ कॉल असेल तर तिच्याकडून बघून घे. हंड्यातली ती मुलगी बहुधा तीच असणार, त्यामुळे तेवढ्यासाठी गावी जाता आलं तर उत्तमच.